खेडं, जरा डल करून

साठी उलटली की पुण्यातल्या माणसाला एकतर गुडघे होतात, नाहीतर जलरंग. गुडघ्यांची आता वाटी बदलून मिळते. जलरंगांवर अजून इलाज निघालेला नाही.

लक्षणं सहज ओळखता येतात. माणूस चहा पिताना कपाकडे न बघता कपाच्या सावलीकडे बघू लागतो. बेडरूमच्या भिंतीला ओल आली तर प्लंबरला फोन करायच्या आधी दोन पावलं मागे सरून ‘काय टेक्श्चर आलंय!’ म्हणतो. ज्याने आयुष्यभर बँकेत सही सोडून वळणदार काही काढलं नाही, तो तीनशे जीएसएमच्या कागदावरून दुकानदाराशी हुज्जत घालतो. आणि रविवारी पहाटे, घरचे झोपलेले असताना, टोपी, घडीचं स्टूल, रंगांची पेटी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन बाहेर पडतो. एक बाटली प्यायची, एक ब्रश धुवायची. दहाच्या सुमाराला दोन्हींतलं पाणी सारखंच दिसू लागतं. तिथून पुढे ज्याचं त्याचं नशीब.

जायचं कुठे, तर खेड्यात. काढायचं काय, तर खेडं. मीही याच साथीतला रोगी असल्यामुळे हे अधिकाराने लिहितो आहे.

तसं खेडं काढणं महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून वर आलेला सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठाला झोपडी, झोपडीशेजारी नारळ आणि आकाशात मास्तरांच्या ‘बरोबर’च्या खुणांसारखे पक्षी. लातूरच्या पोराने नारळ फक्त कलशावर बसलेला पाहिलेला असतो, तरी चित्रात तो झोपडीशेजारी बिनदिक्कत नारळाचं झाड लावतो. पुण्यातल्या पोरांनी रोज मुठा ओलांडून शाळेत जाऊनसुद्धा नदी निळीच काढली. आपल्याकडची चित्रकला निरीक्षणावर चालत नाही, श्रद्धेवर चालते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना ‘स्मरणचित्र’ नावाचा पेपर आठवत असेल. ज्याला गावच नाही त्यालाही तिथे गाव स्मरावं लागायचं, बैलांसकट.

पन्नास वर्षांनी तोच माणूस तेच चित्र पुन्हा काढायला बसतो. डोंगर आहेत, झोपडी आहे, झाड आहे. एवढ्या वर्षांत प्रगती म्हणाल तर सूर्य ढगाआड गेला, नदी आटली आणि हिरवा रंग जप्त झाला. शाळेच्या पेटीत सॅप ग्रीन सगळ्यात आधी संपायचा. यलो ऑकर, बर्न्ट सायना आणि बर्न्ट अंबर या तीन ट्यूबांना कुणी विचारायचं नाही. त्या वर्षाअखेर दगड होऊन पडायच्या. आता या तीन ट्यूबांवरच संसार चालतो, आणि क्रिमसनचं टोपण उघडताना माणूस आधी इकडेतिकडे बघून घेतो.

कारण मागे सर उभे असतात. अशा प्रत्येक गटाला एक सर असतात आणि सरांच्या शिकवणीत मुख्यतः दोन वाक्यं असतात: ‘सोपं करा’ आणि ‘डल करा’. मधूनच ‘थांबा आता’ असं तिसरं येतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

सोपं करण्याची पहिली पायरी म्हणजे डोळे किलकिले करणं. असं केलं की बारकावे जातात आणि नुसते उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात. तंत्र अगदी रास्त आहे, मोठमोठे चित्रकार हेच करत आले. पण वीसेक ज्येष्ठ नागरिक रस्त्याच्या कडेला ओळीने बसून एकाच गोठ्याकडे डोळे मिचकावत आहेत, हे दृश्य गावाला सवयीचं नसतं. हंडा भरून चाललेल्या एका बाईंनी फार आस्थेने चौकशी केली होती, ‘समद्यांचंच डोळं आल्यात का वो?’

दुसरी पायरी म्हणजे गाळणं. समोर विजेचा खांब असतो, तो काढायचा नाही. तारा काढायच्या नाहीत. डीपी, मोबाइलचा टॉवर, डिशची छत्री, कडबाकुट्टीचं यंत्र, निळी ताडपत्री, काळी पाण्याची टाकी, हे सगळं गेलं. चौकातला फ्लेक्स तर अर्थातच गेला, त्यावरच्या गॉगलवाल्या भावी सरपंचांसह. अंगणातल्या मोटरसायकलीचं हळूच बैल होतं. बैलगाडी असेल तर ठेवायची, पण तिची चाकं बदलायची. आजकाल गाडीला रबरी टायर असतात आणि बैलालाही त्यांनी बरं वाटतं. चित्रात मात्र बैलाने आऱ्यांची लाकडी चाकंच ओढली पाहिजेत. माणसं हवीत, पण लांब आणि पाठमोरी. डोक्यावर घागर घेतलेली एक बाई ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत होते. ती कुठल्याच चित्रात घरी पोचलेली नाही.

एवढं गाळून झाल्यावर उरलेल्या गावाला वीज नसते, पाणी नसतं, रेंज नसते आणि मतदारही एखादाच असतो. असं गाव खरोखर कुठे सापडलं तर त्यावर वर्तमानपत्रात अग्रलेख येईल. आपण त्याला माउंट लावून फ्रेम करतो.

रंग डल करण्याचं मात्र शास्त्र आहे, त्याची चेष्टा करून चालणार नाही. हिरवा भडक वाटला तर त्यात जरासा लाल घालायचा. नारिंगी ओरडायला लागला तर त्याच्यात निळा सोडायचा. ज्या रंगाशी एखाद्याचं अजिबात पटत नाही, तोच त्याच्यात मिसळला की दोघेही गप्प होतात. सोसायटीच्या कमिटीत विरोधकाला सेक्रेटरी करतात तो हाच प्रयोग. बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन एकत्र आले की पावसाळी ढगासारखा सुरेख राखाडी मिळतो. त्यात आणखी दोन रंगांनी तोंड घातलं की त्यालाच चिखल म्हणतात. चिखल आणि ‘अर्दी टोन’ यांतला फरक इतका बारीक आहे की तो चित्राखालच्या किमतीवरूनच ओळखावा.

मुळात हे रंग म्हणजे मातीच. गेरू, काव, पिवळी माती ही सगळी लोखंडाच्या गंजाची भावंडं. इटलीतल्या सिएना शहराच्या नावाची पिवळसर माती भाजली की तिच्यातलं पाणी उडतं, ती तांबडी होते आणि तिचा बर्न्ट सायना बनतो. आपल्या कुंभाराच्या भट्टीत मडक्याचं हेच होतं, पण तो ट्यूबमध्ये भरून विकत नाही. या रंगांचा मोठा गुण असा की ते उन्हात विटत नाहीत. सरांच्या मते हे रंग ‘प्रामाणिक’ असतात. ट्यूबच्या किमतीकडे पाहिलं की दुकानदाराविषयी तसं म्हणता येत नाही, पण तो विषय वेगळा.

आता मुद्द्याची गोष्ट. पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीत एका अंगणात आम्ही बसलो होतो. अंगणाला लागून दोन वास्तू. एक नवं घर: पोपटी भिंती, खिडक्यांना नारिंगी पट्टा, जिन्याला गुलाबी कठडा आणि कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘मातृछाया’. दुसरा पडका गोठा. आमची सगळी स्टुलं गोठ्याकडे तोंड करून लागली होती. घरमालक सगळ्यांना चहा घेऊन आले. कपबश्या वाटून झाल्यावर ते बराच वेळ प्रत्येकाच्या मागे उभे राहून चित्रं बघत हिंडले आणि मग म्हणाले,

‘घर कुठं दिसंना.’

‘कुठलं घर, काका?’

‘आमचं. ह्ये काय, तुमच्या पाटीमागं हाय की.’

‘ते जरा फ्रेममध्ये येत नाही.’

‘मग फिरून बसा की हिकडं. खुर्च्या आनू का?’

एवढ्या अगत्यापुढे काय बोलणार? सर पुढे झाले आणि गोठ्याला कॅरेक्टर आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. काकांनी गोठ्याकडे नव्याने निरखून पाहिलं. ‘पाडायचाय त्यो,’ ते म्हणाले, ‘पावसाच्या आत.’ आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका कळवळून म्हणाल्या, ‘नका हो पाडू!’ ‘म्याडम,’ काका शांतपणे म्हणाले, ‘तुमी न्हेता का?’

मग कुणीतरी घराच्या रंगाचा विषय काढला, आडून आडून. काकांना तेच हवं होतं. ‘रंग सासवडवरनं आनलाय. दुकानदार म्हनला, बदामी घ्या, सोबर दिसंल. म्या म्हनलं, डोंगुर बदामी, रान बदामी, गाय बदामी, रस्त्यानं यष्टी गेली की पोरंबी बदामी. घर तरी लांबनं दिसू द्या की!’

या वाक्यावर कलासमीक्षकांनी विचार करावा. पुरंदरचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. आषाढ ते दिवाळी जेमतेम हिरवळ टिकते. त्यापुढे पाऊस येईपर्यंत मुरूम, वाळलेलं गवत, धूळ आणि बाभळी. तेव्हा आमची चित्रं खोटी होती असं म्हणता येणार नाही. माळ मातकटच होता. पण त्या माळावर बारा महिने राहणाऱ्याला आणखी एक मातकट गोष्ट नको असते, आणि रविवारपुरतं आलेल्याला तीच हवी असते. शहरातल्या माणसाच्या डोळ्यांत आठवडाभर दुकानांच्या पाट्या, सिग्नल आणि मोबाइल भडकलेले असतात; तो डोळ्यांचं पथ्य म्हणून खेड्यात येतो. आणि खेड्यातला माणूस पथ्यालाच कंटाळलेला असतो.

पुरावा हवा असेल तर लांब जायला नको. तिथून जवळच जेजुरी आहे. सोमवतीला गडावर जो पिवळा रंग उधळला जातो, त्यात यलो ऑकरचा अंशही नाही. ती शुद्ध हळद. पायऱ्या पिवळ्या, दीपमाळा पिवळ्या, माणसं पिवळी. तिकडे कोल्हापूरजवळ जोतिबाच्या चैत्रयात्रेत अख्खा डोंगर गुलालाने गुलाबी होतो. पोळ्याला वर्षभराच्या तपकिरी बैलाची शिंगं हिंगुळाने लाल करतात, वर बेगड चिकटवतात, पाठीवर आरशांची झूल टाकतात. बैलाला सोबर दिसावं असं गावात कुणाच्याही मनात येत नाही. बैल आपला आणि सण वर्षातून एकदा. डल कुणासाठी करायचं? आमचे सर जेजुरीला गटाला नेत नाहीत. तिथली पॅलेट कठीण आहे, असं म्हणतात.

मातकटपणाची ही आवड पुण्यात उपजलेली नाही, ती विलायतेतून आली आहे. इंग्लंडात सर जॉर्ज ब्यूमाँट नावाचे एक रसिक धनिक होते, स्वतः हौशी चित्रकारही. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या उभारणीत त्यांच्या संग्रहाचा मोठा वाटा. निसर्गचित्राचा एकूण रंग जुन्या फिडलसारखा तपकिरी असावा, असं त्यांचं ठाम मत. जॉन कॉन्स्टेबलने, म्हणजे ज्याने इंग्लिश शेतं हिरवी दिसतात तशी हिरवी रंगवण्याचा आगाऊपणा केला त्याने, एक जुनं फिडल आणून त्यांच्या घरासमोरच्या हिरवळीवर ठेवलं. यावर काही बोलायचं शिल्लक राहत नाही. तरी ब्यूमाँट मागे हटणारे नव्हते. ‘आपलं तपकिरी झाड चित्रात कुठे ठेवायचं हे ठरवणं अवघड जात नाही का?’ असं त्यांनी विचारलं. कॉन्स्टेबल म्हणाला, अजिबात नाही, मी तसलं झाड चित्रात घालतच नाही. गंमत म्हणजे ज्या जुन्या चित्रांवरून हा तपकिरी आदर्श ठरला, त्यांतली बरीचशी वरचं व्हार्निश काळवंडल्यामुळे तशी दिसत होती. लोक मळाला अभिजात म्हणत होते.

त्याच्याही आधी तिकडे ‘क्लोद ग्लास’ नावाचा काळपट बहिर्गोल आरसा निघाला होता. सहलीला जायचं, सुंदर देखाव्याकडे पाठ करायची आणि या आरशात तो देखावा बघायचा. आरशात सगळं लहान, सोपं आणि डल दिसायचं. कवी थॉमस ग्रे १७६९ साली हा आरसा हातात धरून चालता चालता एका चिखलाच्या गल्लीत उताणे पडले. बोटांची सालटी गेली, तेवढ्यावर निभावलं. देखाव्याकडे पाठ करून उभं राहणाऱ्यांना आपण आज कड्यावरून मागे ओढतो, त्यांची वंशावळ ही अशी जुनी आहे.

आणि तपकिरी रंगाचा कळस म्हणजे ‘ममी ब्राऊन’. इजिप्तमधल्या ममी दळून हा रंग करत असत. शब्दशः दळून. चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सला हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा त्याने ती ट्यूब घरामागच्या बागेत रीतसर पुरली. तिथे त्याचा लहान भाचा हजर होता. त्या भाच्याचा जन्म १८६५ सालचा, आपल्या मुंबईतल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला, कारण त्याचे वडील तिथे शिकवत. रुडयार्ड किपलिंग त्याचं नाव. ट्यूब नेमकी कुठे पुरली ते त्याला म्हातारपणीही आठवत होतं. आमच्या गटात कुणी अशा कारणाने ट्यूब पुरलेली नाही. आमच्याकडे ट्यूब कात्रीने कापून आतला रंग खरवडतात.

मातकट रंगांचं नाव निघालं की कुणीतरी अजिंठा काढतोच. ‘बघा, हजारो वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी नुसत्या मातीच्या रंगांत...’ वगैरे. तिथले लाल, पिवळे, हिरवे रंग जवळपासच्या माती-दगडांतून आले हे खरंच आहे. काळा काजळीचा, पांढरा चुन्यासारख्या पदार्थांचा. पण पाचव्या शतकातल्या लेण्यांत एक झळझळीत निळाही आहे, आणि तो लाजवर्दाचा. तो दगड वाघूर नदीच्या पात्रात मिळत नाही. पार अफगाणिस्तानाकडून यायचा. म्हणजे ज्यांच्या पायाखाली हवी तेवढी माती होती, त्या चित्रकारांनी ऐपत येताच काय केलं, तर निळा मागवला. पुरंदरच्या काकांनी पोपटी सासवडवरून आणला. अंतराचा फरक सोडला तर प्रेरणा तीच.

सोपं करणं शिकायचं तर मला डहाणू-तलासरीकडचे वारली चित्रकार जास्त विश्वासाचे वाटतात. शेणामातीने सारवलेली किंवा गेरूने रंगवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, आणि संपलं. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस. याहून सोपं काय करणार? पण त्यांनी सोपं करताना गाळलं काहीच नाही. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत (त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली) मुंग्या आहेत, मासेमारीचं जाळं आहे, पेरणी-मळणी आहे आणि प्रत्येक माणूस काहीतरी कामात आहे. आता तर वारली चित्रांत रेल्वे येते, बस येते, विमानही येतं. ज्यांच्याकडे दोनच रंग आहेत त्यांना टॉवर खुपत नाही. आम्ही बारा ट्यूबा बाळगून खांब चुकवत बसतो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: मातकट चित्र खपतं. एकेकाळी मराठी मध्यमवर्गाच्या भिंतीवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांचे रंग झळकत, दिवाळी अंकांवर आणि कॅलेंडरांवर. त्यांतल्या बायकांची लुगडी हिरवी ती हिरवीच आणि गाल गुलाबी ते गुलाबीच. ते बघणारे निम्मे लोक नुकतेच गाव सोडून चाळीत आलेले होते; त्यांना मातीची हौस नव्हती. त्यांच्या नातवंडांच्या फ्लॅटमध्ये आता भिंतींना ‘सँड’, ‘क्ले’ आणि ‘टेराकोटा’ अशा नावांच्या छटा देतात, आणि हाताने लिंपल्यासारखं दिसावं म्हणून कारागिराला जादा पैसे मोजतात. जे आजीने कमरेचा काटा ढिला करत फुकट सारवलं, त्याला आता चौरस फुटाचा दर आहे. अशा भिंतीवर पोपटी घराचं चित्र चालत नाही. गोठा चालतो. चित्र विकत घेणारे चित्राकडे बघण्याआधी सोफ्याचा फोटो काढून दाखवतात, हे मी प्रदर्शनात स्वतः पाहिलं आहे. चित्रातला डोंगर उशीच्या अभ्र्याशी मॅच झाला की व्यवहार पक्का.

यात गैर काही नाही. कुणाच्या घरात कुणी गोठा लावावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझी विनंती फक्त रविवारच्या चित्रकारांना आहे. ज्याच्या अंगणात बसतो, ज्याचा चहा पितो, त्याचा गोठा आपण फ्रेम करून घेऊन जातो. निदान एक कागद त्याच्या घरासाठी खर्च करावा. तारा, टाकी, गुलाबी कठडा, ‘मातृछाया’, सगळं घालून. चित्र त्यालाच द्यावं, सही करून. पोपटी रंगासाठी लेमन यलोत व्हिरिडियनचा ठिपका पुरतो. त्यात बर्न्ट सायना घालू नये.